लिटरला बारा

पोरीच्या लग्नात हुंडा आडवा येतो, पत्रिका आडवी येते, एखादा नतद्रष्ट मामा आडवा येतो, हे मी पाहिलं होतं. आमच्या सुमेधाच्या लग्नात डिझेल आडवं आलं.

सुमेधा माझी धाकटी नणंद. भोसरीला एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट होती. समोरच्या शेडमध्ये चाकणचा ज्योतीराम लेथवर काम करायचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग मोठ्या हुशारीने मध्यस्थ पाठवून, रीतसर कांदेपोहे होऊ देऊन, मान खाली घालून ते लग्न ‘ठरवून’ जमवलं. दोन्ही घरच्या पुरुषांना वाटलं, आपणच जमवलं. खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती. पोहे मीच केले होते, आणि ते नेऊन देताना पोरीच्या तोंडावर जे हसू फुटलं होतं ते अनोळखी मुलाला बघून फुटणारं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण आमचे हे मधे बोलले.

ह्यांची नोकरी गाड्यांच्या एका कंपनीत, तपासणी खात्यात. नवी गाडी लिटरला किती किलोमीटर जाते ते काढायचं, हे ह्यांचं काम. काम कसलं, पूजाच ती. पहाटे रस्ता मोकळा असताना, चाकांतली हवा तपासून, मागच्या हौद्यात वाळूची पोती मांडून, खिडक्या लावून हे गाडी काढत. पायातले बूट काढून ठेवत आणि अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याने असा दाबत, जसं काही त्याच्याखाली तान्हं बाळ झोपलंय. वाटेत थांबायचं नाही, वेग बदलायचा नाही, शिंक आली तरी दाबून धरायची. अशा रीतीने डिझेल पिकअप लिटरला चौदा किलोमीटर गेली आणि तो चौदाचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकावर छापून आला. त्या दिवशी ह्यांनी घरी पेढे आणले होते. माझ्या डोहाळजेवणाला आणायचे विसरले होते, ते जाऊ दे.

लग्नाची बोलणी चालू असताना ज्योतीरामचे वडील, उद्धवराव, सहज म्हणाले की भाड्याच्या टेम्पोला कंटाळलोय, स्वतःची गाडी घ्यावी म्हणतो. चाकणच्या बाजारातले कांदे-बटाटे आळंदीच्या धर्मशाळांना आणि भोसरीच्या कँटीनवाल्यांना पोचवायचा त्यांचा धंदा. एवढं ऐकायचा अवकाश, ह्यांनी छाती काढून सांगितलं, “डोळे झाकून आमची डिझेल पिकअप घ्या. लिटरला चौदा. मी स्वतः काढलेत.”

उद्धवरावांनी डोळे झाकून घेतली. एकोणऐंशी साल ते. पंपावर डिझेलसाठी डबे घेऊन रांगा लागत होत्या आणि लिटरला किती जाते हा प्रश्न पोरगं कितवीत आहे याच्या आधी विचारला जात होता.

आणि गाडीने नऊ दिले.

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते. त्या गुरुवारी उद्धवराव चिंचवडला आमच्या घरी आले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, आणि बसायला सांगितलं तरी उभे. म्हणाले, “अनंतराव, चौदातले नऊ मला घावले. बाकीचे पाच तुमच्या घरात ऱ्हायलेत का, त्ये बगायला आलोय.”

एखाद्या शहाण्या माणसाने हसून विषय बदलला असता. हे म्हणाले, “तुमची चालवायची पद्धत चुकत असेल.”

“मी चुकतोय?”

“गाडी खोटं बोलत नाही, उद्धवराव. नाचता येईना—”

मी कपबश्यांचा ट्रे इतक्या जोरात आपटला की अंगण वाकडं व्हायचं टळलं. पण व्हायचं ते झालंच होतं. उद्धवराव ह्यांच्याकडे बघत सावकाश म्हणाले, “जो मानूस गाडीबद्दल पाच वाढवून सांगतो, त्यानं बहिनीबद्दल किती वाढवून सांगितलं आसंल?”

खरं सांगायचं तर मी चपापले. आम्ही सुमेधा सुग्रण असल्याचं सांगितलं होतं. सुमेधा आमटीत मीठ दोनदा तरी घालते किंवा एकदाही घालत नाही. तिने विणलेला म्हणून दाखवलेला रुमाल माझ्या आईने विणलेला होता. पोरीची माहितीही पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावरचीच असते की हो, आणि ते दोन्हीकडच्यांना माहीत असतं. फक्त गाडीच्या बाबतीत लोक खरं मानतात.

स्वयंपाकघरात सुमेधा दाराला टेकून ऐकत होती. “वहिनी,” ती म्हणाली, “दादाच्या अंगठ्यापायी माझं लग्न मोडणार.” मला तिची इतकी दया आली आणि ह्यांचा इतका राग आला की त्या रात्री मी ह्यांना शिळी भाकरी वाढली.

पुढच्या गुरुवारी फैसला करायचं ठरलं. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने चाकणला गेलो. सुमेधाला नेऊ नये असं हे म्हणत होते. मी म्हटलं, जिचं लग्न मोडायचंय तिला निदान ते बघू तरी द्या.

गावाबाहेरच्या पंपावर उद्धवरावांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. पंपावर चार व्यापारी उभे होते. त्यांच्यासमोर ते म्हणाले, “माझा रोजचा फेरा करायचा. चाकन, आळंदी, चऱ्होली, भोसरी, मोशी आन परत हितंच. परत टाकी भरायची. गेलं किती, लागलं किती, समद्यांच्या डोळ्यांम्होरं. खड्ड्यांचे दोन मी सोडले. लिटरला बारा निघाले तर साखरपुडा. न्हाई निघाले तर सोयरीक मोडली. ह्यो उद्धवरावाचा शब्द.”

व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. चाकणात उद्धवरावांचा शब्द म्हणजे बँकेत टाकलेला पैसा, असं आमच्या मध्यस्थाने आधीच सांगितलं होतं. त्या वेळी ऐकून बरं वाटलं होतं. आता त्याच शब्दाला सुमेधाचं लग्न टांगलेलं होतं.

हे मात्र खुशीत होते. “चौदा निघतील,” म्हणाले, आणि लेंग्याची टोकं वर खोचून हौद्यात बटाट्याच्या पोत्यांवर चढून बसले, कारण केबिनमध्ये तिघांचीच जागा. मी आधी मधे बसले. पण गिअर टाकताना दांडा माझ्या गुडघ्यावर आपटायला लागला. माझा गुडघा काही लहान नाही. उद्धवराव दरवेळी लाजून “चुकलं, ताई” म्हणायचे आणि गिअर टाकायचे राहून जायचे. शेवटी आम्ही जागा बदलल्या आणि काटकुळी सुमेधा मधे आली.

रस्त्याने उद्धवराव गाडी खरंच छान चालवत होते. धक्का नाही, उगाच धावपळ नाही. मला वाटलं, मग पाच जातात कुठे?

ते आळंदीत कळलं. नदीकडच्या गल्लीत कोंडाजी नावाच्या धर्मशाळेच्या कारभाऱ्याचं घर होतं. उद्धवरावांनी गाडी दारात उभी केली. हमालाने पोती उतरवली. आणि उद्धवराव खिडकीतून बोलायला लागले. कोंडाजीच्या म्हशीपासून सुरुवात झाली. मग कोंडाजीच्या भावाने बांध कसा कोरला, मग त्यावर वकील काय म्हणाला, मग वकिलाच्या मुलीचं कुठे जमलं. कोंडाजी ओट्यावर, उद्धवराव खिडकीत, आणि इंजिन धडधड धडधड चालू. केबिनचा पत्रा, माझे दात आणि सुमेधाच्या बांगड्या एका तालात वाजत होत्या.

मागून हे ओरडले, “उद्धवराव! इंजिन बंद करा!”

“बंद कसं करू? मी थांबलोय कुठं?”

“मग हे काय चाललंय?”

“ह्यो आपला जाता जाता रामराम.”

जाता जाता रामराम संपेपर्यंत सावली ओट्यावरून गल्लीत उतरली होती. गाडी हलल्यावर मी विचारलं, तेव्हा उद्धवरावांनी मला समजावून सांगितलं. पोराला अ आ इ ई शिकवावं तसं.

“ताई, इंजिन चालू आसलं म्हंजी मानूस वाटंवर हाय. त्याला कुनी आडवत न्हाई. इंजिन बंद झालं म्हंजी मानूस घरला आला. घरला आलेला पावना च्याबिगर सोडला तर त्या बाईची अब्रू जाती. आन कोंडाजीकडं च्या घेतला आन म्होरल्या घरी न्हाई घेतला, तर म्होरल्याची जाती. माझी रोजची धा दारं हायती. समद्यांकडं च्या पीत बसलो तर बटाट्याला कोंब फुटत्याल. म्हनून मी इंजिनच बंद करत न्हाई.”

“पण बोलता तर तेवढाच वेळ!”

“बोलल्याबिगर कसं चालंल? मानसं हायती का दगडं?”

मी कपाळाला हात लावला. ह्यांच्या कंपनीत चांगली शिकलेली माणसं बसली होती. त्यांनी वारा मोजला होता, टायर मोजले होते. चहा कुणी मोजला नव्हता. उभी गाडीही डिझेल पिते हे उद्धवरावांच्या डोक्यात नव्हतं, आणि चालू गाडी उभी ठेवून कुणी म्हशीवर बोलेल हे ह्यांच्या डोक्यात नव्हतं. दोन्ही पुरुष आपापल्या जागी प्रामाणिक, आणि मधल्या मधे माझी नणंद.

चऱ्होलीच्या रस्त्याला लागण्याआधी हे हौद्यातून उतरून खिडकीशी आले. उभ्या गाडीचं डिझेल धरायचं नाही, असं ह्यांचं म्हणणं. उद्धवराव म्हणाले, “त्ये डिझेल काय शेजाऱ्याच्या टाकीतनं येतंय का? माझ्याच टाकीतलं हाय न्हवं?” हे परत हौद्यात चढून बसले. शब्द दिला होता तो टाकीवर दिला होता.

त्या गाडीचं इंजिन नुसती किल्ली फिरवून बंद होत नसे. समोर खालच्या बाजूला एक काळी मूठ होती, ती ओढली की इंजिन गपगार. सुमेधा त्या मुठीकडे एकटक बघत होती. टायपिंगच्या परीक्षेच्या आधी ती मशीनकडे अशीच बघायची.

चऱ्होलीला उद्धवरावांची थोरली चुलत बहीण, अंबुबाई, हिचं घर. तिचा मुलगा कँटीनला भाजी पुरवायचा. गाडी दारात लागली. उद्धवराव खिडकीतून “काय अंबूआक्का, बरं हाय का?” असं म्हणाले, आणि सुमेधाने हात लांब करून मूठ ओढली.

एकदम सगळं शांत झालं. इतकं की गोठ्यातल्या शेळीने मान वळवून पाहिलं.

उद्धवराव गाडीकडे, मग मुठीकडे, मग सुमेधाकडे बघायला लागले. तेवढ्यात घरातून भांड्यांचा आवाज थांबला आणि अंबुबाई पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आली. “उद्धवा! उतरलास व्हय रं बाबा? किती वर्सांनी उतरलास! आगं सूनबाई, आदन ठेव गं!”

आता काय करणार? उतरले. आम्हीही उतरलो. हे हौद्यातून खाली आले, तेव्हा डोक्याला बटाट्याची माती. अंबुबाईने आम्हाला घोंगडीवर बसवलं, आणि मग तिची नजर सुमेधावर गेली.

“आन ही कोन रं, तुज्या शेजारी बसून आलेली?”

मी उद्धवरावांकडे बघत राहिले. असा पेच मी जन्मात दुसरा पाहिला नाही. अजून काही नक्की नाही, असं म्हणावं, तर नक्की नसलेली तरुण पोर मांडीला मांडी लावून गाडीत कशी? डिझेलचं बघायला आणलीय, असं म्हणावं, तर अंबुबाईने वैद्याला बोलावलं असतं. उद्धवरावांनी टोपी काढली, परत घातली. मिशीला हात लावला. सुमेधाने तेवढ्यात पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून अंबुबाईच्या पायांना हात लावला.

“ज्योतीरामाची,” उद्धवराव अखेर पुटपुटले. “म्हंजी… ज्योतीरामासाटनं.”

“सून!” अंबुबाई ओरडली आणि शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. कुंकू आलं, नारळ आला, ट्रंकेतून नवा खण निघाला, आणि बघता बघता सुमेधाची ओटी भरली. एकीने तिची हनुवटी वर करून “नाक बगा कसं चाफेकळी!” म्हटलं. सुमेधाचं नाक चाफेकळी नाही, पण तिथे त्यावर कुणी हरकत घेतली नाही. हे चहा पिता पिता मला कुजबुजले, “अगं, वेळ जातोय.” मी म्हटलं, “जाऊ दे. डिझेल जात नाहीये.”

गाडीत बसल्यावर उद्धवरावांनी दरडावून विचारलं, “पोरी, खुंटी का वढलीस?”

“डिझेल वाचवायला, मामंजी,” सुमेधा म्हणाली.

सकाळपासून ती त्यांना काका म्हणत होती. उद्धवरावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी नुसता गिअर टाकला.

चऱ्होलीतच पुढे त्यांच्या मावसभावाचं घर होतं. तिथे गाडी थांबली आणि मूठ ओढली गेली. भोसरीत कँटीनवाल्यांच्या तीन बिऱ्हाडांसमोर गाडी थांबली आणि तिन्ही वेळा मूठ ओढली गेली. दर दारात तेच झालं: आवाज बंद, बाई बाहेर, आधण चुलीवर, आणि “ही कोण?” दर दारात उद्धवरावांचं उत्तर थोडं थोडं मोठं होत गेलं. पहिल्यांदा पुटपुटून “ज्योतीरामासाटनं” म्हणालेला माणूस भोसरीत “ही आमची सून, टायपिंग करती, विंग्रजीतबी” असं सांगायला लागला. मोशीत एका साताऱ्याकडच्या कँटीनवाल्याच्या घरी तर कुणी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, “लई सुग्रन हाय म्हनत्यात.” मी बशीत तोंड लपवलं.

मला मात्र एक गोष्ट दिसत होती. ह्या म्हाताऱ्याला चहा आवडत होता. दारात उतरणं आवडत होतं. अंबुबाईच्या नातवाला त्यांनी मांडीवर घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं बाहेरून धडधडत बोलणारा माणूस त्या दिवशी घराघरांत जाऊन बसला, आणि एकाही घराने दुसऱ्यावर रुसवा धरला नाही, कारण चऱ्होलीपासून पुढे सगळ्यांनाच सारखा मान मिळाला होता. बटाट्यांना कोंबही फुटले नाहीत.

मोशीहून निघालो तेव्हा सुमेधाच्या मांडीवर नारळांचा ढीग झाला होता आणि खणांची चवड माझ्याकडे होती. अर्ध्या तालुक्याने तिची ओटी भरली होती. पण टाकीचा हिशेब अजून बाकी होता. आळंदीत जे जळायचं ते जळून गेलं होतं. पुढे वाचलं, पण किती? बारा निघतील का? अकरा निघाले तर? चार व्यापाऱ्यांसमोर दिलेला शब्द होता. उद्धवरावांनी आजपर्यंत दिलेला शब्द फिरवला नव्हता, हीच तर त्यांची ख्याती. सुमेधाने माझा हात घट्ट धरला होता. सबंध दिवस मजेने मुठी ओढणारी पोर आता मनातून पार हादरली होती.

लांबून पंप दिसायला लागला. सकाळचे व्यापारी तिथेच बाकावर बसून वाट बघत होते. त्यांच्यातला एक उठून उभाही राहिला.

उद्धवरावांनी गाडी हळू केली नाही. पंप डावीकडून आला आणि डावीकडूनच गेला.

मागे टपावर ह्यांच्या दणादण थापा सुरू झाल्या. “उद्धवराव! पंप गेला! अहो, पंप मागे गेला!”

उद्धवराव समोर रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, “टाकी भरली आन बारा न्हाई निघाले, तर मला शब्द पाळावा लागंल. मी शब्द मोडत न्हाई.” मग एका हाताने टोपी सारखी केली. “म्हनून मोजायचंच न्हाई.”

सुमेधाने ओठ दाबून धरला होता, तो सुटला आणि ती नारळांवर वाकून हुंदके द्यायला लागली. मी तर खुशाल रडले. उद्धवराव गोंधळले आणि गाडी आणखी जोरात हाकायला लागले. बूट घातलेल्या आख्ख्या पायाने.

टपावरच्या थापा थांबत नव्हत्या. “काय म्हनत्यात ते?” उद्धवरावांनी मला विचारलं.

“काही नाही, व्याहीबुवा,” मी म्हटलं. “चला तुम्ही.”